ऊब चोरीला गेल्याच्या फिर्यादीबाबत आर्वी केट्टुनेन यांचा जबाब

नाव : आर्वी केट्टुनेन. वय : ६९ वर्षे. धंदा : निवृत्त, पूर्वी नगरपालिकेच्या बर्फ काढायच्या गाडीवर चालक. सध्या आमच्या गृहसंस्थेचा अध्यक्ष, बिनपगारी. राहणार : पुइयो टेकडीच्या पायथ्याची चार मजली पिवळी इमारत, तिसरा मजला, कुओपिओ.

मी आज ठाण्यात स्वतः हजर राहून, कॉन्स्टेबल कोसुनेनबाई यांनी विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी वारल्यापासून एकटा राहतो. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारे रेइयो पुर्सिआइनेन यांनी मी व कंत्राटदार हेन्ना एलोमा अशा दोघांविरुद्ध 'घरातली ऊब चोरली' अशी फिर्याद दिली आहे. ती मला वाचून दाखवण्यात आली. रेइयोच्या घरातली ऊब कमी झाली हे खरं आहे. ती कुठे गेली हेही मला ठाऊक आहे. तिला चोरी म्हणायचं का, ते पुढचं ऐकून ठाण्याने ठरवावं.

इमारतीच्या तळघरात पाणी तापतं आणि पाइपांतून घरोघरच्या रेडिएटरमध्ये फिरतं. पाणी हा मूळचा आळशी प्रकार आहे. जवळचं घर सोडून लांब जायला ते तयार नसतं. वाढप्याने पंगतीतल्या पहिल्या पानावरच सगळी खीर ओतावी तसं आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललं होतं. पहिलं पान रेइयोचं. तो जानेवारीत अर्ध्या चड्डीत खिडक्या उघड्या टाकून बसायचा आणि घरात टोमॅटो पिकवायचा. शेवटचं पान चौथ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घराचं. तिथे हिल्का मिएत्तिनेन राहतात. त्या शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्या आहेत.

हिल्काबाईंशी माझा संबंध काय, असं विचारल्यावरून सांगतो की, शनिवारी आम्ही दोघं तळ्याच्या बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतो. मासे मिळतात, कधी मिळत नाहीत. उणे वीसमध्ये ही बाई तासन्‌तास हूं का चूं न करता बसते, म्हणून हिला थंडी वाजत नाही असाच माझा समज होता. तो चुकीचा निघाला.

डिसेंबरमध्ये असंच बसलेलो असताना त्या म्हणाल्या, "राउमाला माझी बहीण असते. तिच्याकडे एक खोली रिकामी आहे, म्हणजे असेलच असं नाही. तिच्याकडे म्हणे पायाखालची फरशीसुद्धा कोमट असते."

कॉन्स्टेबलबाई दक्षिणेकडच्या, तुर्कूच्या असल्याने इथे खुलासा करतो. आम्ही सावो प्रांतातले लोक सरळ हो किंवा नाही म्हणत नाही. आमच्याकडे म्हण आहे की सावोचा माणूस बोलला की जबाबदारी ऐकणाऱ्यावर. त्यामुळे हिल्काबाई घर विकून चालल्या आहेत, आणि कारण थंडी आहे, हे मला तेवढ्यावरून कळलं. मी म्हणालो, "राउमाला मासे असतील, नसतीलही." त्यावर त्यांनी गळ गुंडाळला.

सोमवारी मी संस्थेची बैठक बोलावली. सगळ्या घरांना सारखी ऊब मिळावी म्हणून कंत्राटदार नेमून रेडिएटरांचे व्हॉल्व्ह नव्याने जुळवून घ्यावेत, असा ठराव मांडला. फिर्यादी रेइयो स्वतः हजर होता. तो म्हणाला, "करायला हरकत असेलच असं काही नाही." आमच्याकडे याला एकमत म्हणतात.

हेन्ना एलोमा कामाला चोख आहे, पण तीही दक्षिणेकडची. तिने घरोघरी जाऊन दारातूनच विचारलं, "घरात थंडी वाजते का? हो की नाही?" असा प्रश्न आमच्या इमारतीत आजवर कोणी कोणाला विचारला नव्हता. रेइयोचं घर भट्टीसारखं तापलेलं. तो म्हणाला, "आणखी गरम असतं तरी कोणी मेलं नसतं." हेन्नाने अर्थ घेतला की याला ऊब कमी पडते. हिल्काबाई म्हणाल्या, "लोकरीचे मोजे आहेत ना. चालतंय." हेन्नाने अर्थ घेतला की या सुखात आहेत. ताकाला जाऊन भांडं लपवायची आमची जन्माची खोड, ती अशी अंगाशी आली. तिने ऐकलं तसे तळघरातले व्हॉल्व्ह फिरवले. रेइयोच्या कुंड्यांत एका आठवड्यात टोमॅटो लाल झाले. हिल्काबाईंच्या बाबतीत आगीतून फुफाट्यात म्हणावं, तर तिथे आगीचाच पत्ता नव्हता.

पुढच्या शनिवारी हिल्काबाई तळ्यावर आल्या नाहीत. घर बघायला दलाल मंगळवारनंतरच्या मंगळवारी येतोय, हे मला रेइयोकडून कळलं. मी हेन्नाला फोन करून परत बोलावलं.

ती वैतागून म्हणाली, "अहो, मी प्रत्येकाला विचारून काम केलंय!"

मी म्हणालो, "पोरी, तिथेच चुकलीस. या वेळी तू विचार, उत्तराचा अर्थ मी सांगतो. आणि प्रत्येक भिंतीवर थर्मामीटर टांग. तो बिचारा सावोचा नाही."

आम्ही चौथ्या मजल्यापासून सुरुवात केली. हिल्काबाईंनी दार जेमतेम चेहरा दिसेल एवढं उघडलं. "आत बघण्यासारखं काही असेलच असं नाही," म्हणाल्या. मी अर्थ सांगितला, "आत येऊ नका म्हणतायत." हेन्ना म्हणाली, "मग?" मी म्हणालो, "मग आत जायचं." आत गेलो. त्यांचा पलंग स्वयंपाकघरात होता, ओव्हनला लागून, आणि ओव्हनचं दार उघडं होतं. थर्मामीटर पंधराच्या वर सरकेना. मी इतके शनिवार या बाईशेजारी बसलो आणि मला हे माहीत नव्हतं. मला फार लाज वाटली, आणि वाईट त्याहून जास्त वाटलं. हेन्ना पलंगाकडे बघत म्हणाली, "काकू, तुम्ही तर मला चालतंय म्हणालात!"

"चालतच होतं की," हिल्काबाई म्हणाल्या. "मी झोपत होते, ओव्हन चालत होता."

हेन्नाने दोन दिवस खपून तळघरापासून छपरापर्यंत सगळे व्हॉल्व्ह पुन्हा जुळवले. रेइयो तेव्हा मुलीकडे गेला होता. जिन्यात रीतसर सूचना लावून, संस्थेच्या किल्लीने, माझ्या समक्ष त्याचं घर उघडलं. घरातल्या कशालाही हात लावला नाही. एक टोमॅटो खाली पडला होता, तो मी खिडकीत ठेवला. तो खाल्ल्याचा आरोप खोटा आहे.

आता सगळ्या घरांत एकवीस अंश आहे. रेइयो परतला आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरात फुलपँट घालावी लागली. तो अंगणात आला. तिथे हिल्काबाई बर्फावर सतरंजी झोडत होत्या आणि मी झोडताना बघत होतो.

"चोर! आर्वी, तू चोर आहेस! एकोणीस वर्षांची माझी ऊब! घर घेतलं तेव्हा घराबरोबर मिळालेली! माझ्या टोमॅटोंनी माना टाकल्या!"

इतकं सरळ बोलणं रेइयोच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मला थोडं कौतुकच वाटलं. हिल्काबाईंनी झोडणी खाली ठेवली.

"तुमची ऊब होय? ती माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "न्यायची तर या न्यायला. लिफ्ट नाही, चढावं लागेल."

रेइयो आधी इथे ठाण्यात येऊन फिर्याद लिहून गेला, आणि मग पुराव्यासाठी स्वतःचा थर्मामीटर घेऊन खरोखर चौथ्या मजल्यावर चढला. पुढची हकीकत मी पाहिलेली नाही, त्याने सांगितली तशी सांगतो. हिल्काबाई एकट्याच पलंग स्वयंपाकघरातून बाहेर ओढत होत्या.

त्याने विचारलं, "पलंग इथे कशाला आणला होता?"

त्या म्हणाल्या, "इथे ओव्हन आहे ना."

"किती दिवस?"

"तीन हिवाळे."

रेइयोने थर्मामीटर खिशात घातला आणि पलंगाची दुसरी बाजू धरली. नंतर त्यांनी त्याला राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावात भाजलेला मासा वाढला. खाली येऊन तो मला म्हणाला, "फिर्याद मागे घेता येत असेलही. ते टोमॅटोही तसे आंबटच असायचे." याचा अर्थ, त्याला फिर्याद मागे घ्यायची आहे. तो बाहेर बाकावर बसला आहे. त्याला विचारल्यास तो हो म्हणणार नाही, तरी कृपया तसं लिहून घ्यावं. पलंग उचलायचा मान माझा होता आणि तो त्याने पटकावला, याबद्दल माझी तक्रार आहे; पण ती नोंदवायची नाही.

काल मंगळवारी दलाल आला. मी त्या वेळी चौथ्या मजल्याच्या जिन्यात होतो. कारण विचारल्यावरून सांगतो की, कारण नव्हतं. हिल्काबाईंनी दार उघडलं. त्या दलालाला म्हणाल्या, "घर विकायचं नाही."

तो म्हणाला, "सध्या नाही, की नक्कीच नाही?"

"नक्की नाही. मी इथेच राहणार आहे."

दलाल उतरून गेला. मी कठड्याला धरून उभा होतो. हिल्काबाईंनी दार सताड उघडं धरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आर्वी, तुम्ही काय जिन्यात उभे? आत या. ऊब बाहेर जातेय."

एवढाच माझा जबाब आहे. कॉन्स्टेबल कोसुनेनबाईंनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे. शेवटच्या भागाचा फिर्यादीशी संबंध नाही, तो गाळू का, असं त्यांनी विचारलं. मी सरळ 'नाही' म्हणालो. तो माझ्या विनंतीवरून ठेवला आहे.

सही : आर्वी केट्टुनेन