खडपापलीकडची बुडी

नाही सांगितलं ना कोमल, नाही म्हणजे नाही. बस तू, उन्हातून आलीस, घोटभर पाणी पी, पण बुडी मारायला मी तुला शिकवणार नाही. आज तिसरा दिवस तुझा. तुयेच्या कारखान्यात पॅकिंगवरून काढलं, नवरा एकटा किती ओढणार, समजतं मला — पण म्हणून शिंपले काढायला नदीत उतरायचं? पोहता येतं म्हणतेस, येत असेल, खानापूरकडच्या पोरी मलप्रभेत पोहतात, ऐकलंय मी. पोहणं वेगळं गो. पोहणारा पाण्यावर असतो. आमचं सगळं खाली.

आणि तो मोबाईल ठेव आत. काल दाखवलास ना त्या बायका — कुठल्या म्हणालीस, कोरियाच्या — बघितल्या मी, तू गेल्यावरही डोळ्यांसमोरून हलेनात. अंगभर काळं रबर, डोळ्यांवर काच, आणि वय काय तर माझ्याहून म्हाताऱ्या, तरी श्वास कोंडून खाली जातात. पाठीवर नळकांडं नाही, काही नाही. वर आल्या की तोंडातून शीळ निघते त्यांच्या, तू हसलीस त्या शिळेला. मी नाही हसले. ती कुणी मुद्दाम घालत नाही बाय, कोंडलेला वारा सुटतो तो छातीतून. आमचापण तसाच सुटायचा. पाठ करून बसलेली असले तरी त्या शिळेवरून मी सांगायची, ही माझी जोडीदारीण, प्रभावती, वर आली म्हणून. त्यांच्यातही तरुण पोरी उरल्या नाहीत म्हणालीस — मग बघ. एवढा समुद्र त्यांचा, सरकार मान देतं, तरी उरल्या नाहीत. आमची तर ही एवढीशी नदी.

आम्ही नऊजणी होतो. लुगडं वर ओढून घट्ट कासोटा मारायचा, कमरेला जाळीची पिशवी, हातात आखूड कोयती, आणि कमरेच्या दोरीचं दुसरं टोक होडीला. सुकती लागली, पाणी ओसरायला लागलं, की उतरायचं. तिसऱ्या, त्या लहान शिंपल्या, कुणीही काढील, त्या वाळूत असतात, पायाला लागतात. पण शिनाणे, ते काळे लांबट शिंपले, ते खाली खडपाला, पाण्यातल्या कातळाला, धरून असतात, त्यांना बुडीच पाहिजे. मला माझ्या सासूने शिकवलं, लग्न होऊन आले त्याच वर्षी. प्रभावतीलापण तिनेच — शेजारचं घर, तीसुद्धा त्याच वर्षी नवरी होऊन आलेली. सासूचा नियम एक. एकटीने जायचं नाही. एक खाली, एक वर, आणि वर असेल तिने मोजायचं. पन्नास झाले की दोरी ओढायची, वाट बघत बसायचं नाही. पस्तीस वर्षं मी तिचं मोजलं, तिने माझं मोजलं. माझ्या घोवाला ठाऊक नव्हता तेवढा माझा श्वास तिला ठाऊक.

आता काय आहे खाली? खड्डे आहेत. दुसरं काय असणार — पंप लावून रेती ओढतात, रेती गेली तिच्याबरोबर तिसऱ्या गेल्या, आणि जो गाळ उठतो तो बसतो खडपावर, शिनाणे मरतात तोंड उघडून. मोरजीला हॉटेलं बांधायला रेती पाहिजे, आणि त्याच हॉटेलांत ताटात शिनाणे पाहिजेत, ते येतात आता कुठून कुठून, बर्फात घालून. नऊजणींतल्या कुणाचे कान गेले, कुणी तिथंच भांडी घासायला लागली. शेवटी दोघी उरलो. मी आणि प्रभावती.

ती गप्प बसणारी नव्हती. ग्रामसभेत उभी राहिली, एकटी बाई, सगळे पुरुष बसलेले, आणि विचारलं, नदी काय तुम्ही विकायला काढली आहे? हसले तिला. मग रेती थांबवायचा अर्ज लिहून घेतला कुणाकडून, पेडण्याच्या कचेरीत नेऊन द्यायचा म्हणून, घरोघर फिरून सह्या घेतल्या. माझ्याकडे आली. मी केली सही, अगदी पहिली सही माझी. मग तिने विचारलं, रेतीच्या होड्यांवर कोण कोण असतं ठाऊक आहे तुला सुलोचना, नावं घालूया. मी म्हटलं, मला काय ठाऊक, परगावचे असतात ते.

परगावचे असतातच. खोटं नाही बोलले मी. पण एक — पाणी देऊ आणखी? नको? — एक इथला होता. सिद्धेश. हो, माझाच मुलगा. तो डिचोलीकडे खाणीच्या ट्रकवर होता, खाण बंद झाली, दोन वर्षं घरात भिंतीकडे तोंड करून बसला, त्याचीपण दोन पोरं आहेत. मग होडीवर गेला. कुणाला सांगत नाही मी हे. तू बाहेरची, उद्या दुसरीकडे निघून जाशील, म्हणून बोलले.

कार्तिक महिना होता. सकाळी चहात उंडा पाव बुडवून खात होता सिद्धेश, वर न बघता म्हणाला, आई, आज खडपाच्या पलीकडे जाऊ नको. मी म्हटलं, का रे? तर म्हणतो, नको म्हणजे नको, अलीकडे काय मिळेल ते काढा. एवढंच बोलला आणि कप सारून उठला. पण मला कळलं. आईला कळत नाही काय — खडपाच्या मुळात लावला होता पंप त्यांनी. आणि तो गेला न गेला तोच प्रभावती हजर, कमरेला पिशवी बांधूनच आलेली. म्हणते, अलीकडे काही उरलं नाही, आज पलीकडे जाऊ. मी म्हटलं, नको. म्हणाली, का? आता सांग, काय सांगू मी तिला? मुलगा बोलला म्हणून सांगू? म्हणजे नाव हातात दिल्यासारखंच, आणि अर्ज दोन दिवसांनी जायचा होता. मी म्हटलं, गुडघा दुखतो. खरंच दुखतो तो, खोटं नाही. ती हसली, म्हणाली, "मग तू वर बस आणि मोज. मी जाते खाली."

आणि मी गेले गो तिच्याबरोबर. होडीत बसले. पहिली बुडी मारून वर आली, पिशवीत आठदहा शिनाणे होते, खूश होती. म्हणाली, तळ खोल लागतो आज. तेव्हा सांगायचं. इथपर्यंत आलं होतं, या दातांपर्यंत. पण मी म्हटलं काय, तर पुरे आता, चल. ती म्हणाली, आणखी एक मारते. मी मोजायला लागले. पन्नासला दोरी ओढली, दोरी येईना. खड्ड्याची कड ढासळते ना, तिचा आवाज होत नाही पाण्यात, वर काही कळत नाही. मी उडी टाकली. जिथं दोन पुरुष खोल पाणी असायचं तिथं मी जातेच आहे खाली, जातेच आहे, कानांत सुया टोचतात, आणि अंधार. हात लागला तिचा. कमरेच्या वरपर्यंत रेतीत गेलेली. मी हात धरला, ओढला, तिनेपण माझा धरला — जिवंत होती ती, घट्ट धरला होता — आणि माझा श्वास संपला. मी सोडवून घेतला हात. आपोआप सुटला नाही तो. एकेक बोट उलगडलं मी तिचं, आणि वर आले. मग परत गेले, दोनदा गेले, पण मग हात नुसताच होता. धरत नव्हता.

पोलीस आले, विचारलं, पस्तीस वर्षं पाण्यातली बाई, बुडली कशी? मी म्हटलं, छातीत दुखायचं तिच्या, दोन दिवस सांगत होती मला. लिहून घेतलं त्यांनी. खड्ड्याचं कुणी विचारलं नाही, मी काढलं नाही. अर्ज कुठं पडला कोण जाणे, पेडण्याला काही तो गेला नाही. सिद्धेशने तेवढं विचारलं, तू सांगितलं नाहीस तिला? मी म्हटलं, नाही. त्यानंतर तो माझ्या तोंडाकडे बघून जेवत नाही. होडीवर जातो अजून. दुसरं काम आहे कुठं?

आणि तिचा घोव, सखाराम भावोजी, ते येतात दोनचार दिवसांनी एकदा. तू बसलीस ना, तिथंच बसतात. एकच विचारतात. छातीत दुखतं हे तुम्हाला सांगितलं तिने, मग मला का नाही सांगितलं? माझं काही चुकलं होतं काय वहिनी? वर्ष होऊन गेलं, तेच विचारतात. दुसरं लग्न करा म्हणून सांगतात लोक, तर म्हणतात, माझ्यापाशी बायको दुखलंसुद्धा बोलली नाही, असल्या माणसाकडे कोण येणार.  मी चहा ठेवते.

शिकवायला काय, शिकवीन मी. श्वास कसा कोंडायचा ते चार दिवसांत येईल तुला, छाती चांगली आहे तुझी. पण वर बसून तुझं मोजणार कोण? मी? मी मोजायचं, आणि तू खाली जाशील माझ्या भरवशावर?

अशी बघू नकोस माझ्याकडे. काय सांगितलं मी तुला एवढं? काही सांगितलं नाही. म्हाताऱ्या बाईची बडबड ती, दुपारची वेळ, जीभ सुटते. तुझ्या घोवाकडे बोलू नकोस यातलं, ऐकलंस? कुणाकडेच नको. शपथ घे. नको, शपथ नको घेऊ, शपथ घेतली की माणसाला वाटतं काहीतरी आहे —

थांब. गप्प बस जरा.

या भावोजी, या. बसा ना, इथं सावलीत बसा. ही? ही कोण नाही, तुयेहून आली होती, शिनाणे मिळतात काय विचारत. आता कुठले शिनाणे, सांगितलं मी तिला. निघालीच ती. ऊठ गो, भावोजींना बसायला दे. जा तू, जा. चहा ठेवते मी, भावोजी.