दाराबाहेरची अज्ञात व्यक्ती

शेरीफ कार्यालय, हार्मन, वायोमिंग
मंगळवार, १७ ऑक्टोबर, दुपारी ४.१०

नाव : लोर्ना मे टीग्ज. वय : ५७ वर्षे. धंदा : शिक्षिका, इयत्ता पहिली, टॅलो क्रीक प्राथमिक शाळा. राहणार : अग्निशमन केंद्रामागे, टॅलो क्रीक.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहण्यास असून गेली एकतीस वर्षे एकाच खोलीत पहिलीला शिकवत आहे. मला आज कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन गाडी चालवत आले. हा जबाब लिहून घेणारा डेप्युटी रॉस क्विलन माझा विद्यार्थी होता. वाक्य कुठे संपवायचे हे त्याला तेव्हाही कळत नसे, म्हणून मी सावकाश सांगत आहे.

बुधवार दिनांक ११ रोजी झालेल्या प्रकाराबद्दल मी त्याच दिवशी छापील अर्जावर एक अहवाल दिला होता. त्यातील एक गोष्ट खोटी आहे. ती दुरुस्त करण्यासाठी हा जबाब देत आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळा मंडळाने शिक्षकांना पिस्तूल बाळगू द्यावे की नाही यावर गावाची सभा बोलावली. सभा व्यायामशाळेत झाली. मी बाजूने बोलले. मी म्हणाले की या कार्यालयापासून आमच्या शाळेपर्यंत पोलिसांची गाडी भरधाव सोडली तरी बावीस मिनिटे लागतात आणि त्या बावीस मिनिटांत मुलांजवळ मी असते, दुसरे कोणी नसते. हे मी आजही म्हणते. आज येतानाही मी घड्याळ लावून वेळ मोजली.

विरुद्ध बाजूने एमेट स्कोग्लुंड बोलले. ते माझ्या समोरच्या खोलीत दुसरीला शिकवतात. आम्ही अठ्ठावीस वर्षे समोरासमोर आहोत आणि एकमेकांना अरेतुरे करतो. तो उभा राहून म्हणाला, "लोर्ना, वर्गातली कात्री तुला दिवसातून चारदा सापडत नाही. पिस्तूल कुठे ठेवशील?"

लोक हसले. मी म्हणाले, "तुझ्या अकॉर्डियनच्या खोक्यात ठेवीन. त्यात हात घालायची कोणाची छाती नाही."

लोक आणखी हसले. मग तो न हसता म्हणाला, "तुझा हात थरथरेल याची मला भीती नाही गं. थरथरणार नाही, याची आहे." मतदान झाले आणि आमची बाजू जिंकली.

मी सहा दिवसांचे प्रशिक्षण घेतले. चौदा जणांपैकी नेमबाजीत माझा दुसरा क्रमांक आला. पिस्तूल कोणाकोणाकडे आहे हे फक्त प्राचार्य आणि शेरीफ यांना माहीत असते, बाकी गुप्त. माझे पिस्तूल उजव्या कमरेला, स्वेटरखाली असे. पहिलीची मुले उंचीने कमरेएवढी असतात आणि सकाळी आल्या आल्या कमरेलाच मिठी मारतात. म्हणून मी त्यांना मिठीऐवजी टाळी द्यायला शिकवले. त्यांना वाटले, हा नवा खेळ आहे. ती आठ दिवसांत शिकली.

एमेटने हे पाहिले होते. एकदा कॉफीच्या यंत्रापाशी तो म्हणाला, "आताशा मिठी बंद का?" मी म्हणाले, "सर्दी पसरते." तो म्हणाला, "हं. लोखंडी सर्दी." पुढे त्याने तो विषय कधी काढला नाही.

आता माझ्या वर्गातील एक रीत सांगणे भाग आहे. मूल शौचालयाला गेले की त्याने माझा स्वयंपाकघरातला लाकडी डाव बरोबर न्यायचा, म्हणजे वाटेत कोणी अडवत नाही. हा डाव माझ्या आईचा आहे. परत आल्यावर डावाने दार वाजवायचे आणि 'ठक ठक' म्हणायचे. मी आतून 'कोण आहे?' विचारायचे. मग मुलाने बाहेरूनच एक गंमत सांगायची, आम्ही सगळ्यांनी हसायचे आणि दार उघडायचे. आतून 'कोण आहे?' आल्याशिवाय बाहेरच्याने पुढे बोलायचे नाही, हा नियम. नियम मी केलेला आहे.

रेन अबेटा, वय सहा, हिला एकच गंमत येते. सप्टेंबरभर तिने तीच सांगितली. ती अशी :

"ठक ठक."

"कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"अय्या! तुम्ही कोण ते तुम्हालाच माहीत नाही, बाई?"

आणि दाराबाहेर ती स्वतःच इतकी हसे की डाव हातातून पडे.

बुधवारी सकाळी दहा वाजता रेन डाव घेऊन गेली. १०.१२ वाजता कर्ण्यावरून लॉकडाऊन, म्हणजे दारे लावून आत लपून बसण्याचा हुकूम, जाहीर झाला. शाळेच्या कार्यालयातल्या नव्या कारकून बाईंना शाळेमागच्या मैदानातून खांद्याला रायफल लावलेला माणूस जाताना दिसला होता. त्या शहरातून आलेल्या आहेत. ऑक्टोबरात आमच्याकडे हरणांची शिकार सुरू होते आणि खांद्याला रायफल नसलेला माणूसच शोधावा लागतो. तो माणूस जवळच्या रस्त्याने आपल्या गाडीकडे चालला होता. पण हे सर्व आम्हाला नंतर कळले. कारकून बाईंनी शेरीफला फोन केला यात त्यांची चूक आहे असे मी म्हणणार नाही.

मी दार लावले, दिवे बंद केले, दाराच्या काचेवर काळा पडदा ओढला. सोळा मुले कपाटामागच्या कोपऱ्यात बसवली. ती आवाज न करता बसली. ती या बाबतीत फार हुशार आहेत. मग मी स्वेटर वर करून पिस्तूल काढले आणि सेफ्टीची कळ सरकवली. सोळाच्या सोळा मुलांनी ते पाहिले. थिओ नावाच्या मुलाने माझ्या कमरेकडे पाहिले आणि मान हलवली. टाळीचा खेळ का होता ते त्याला कळले असावे.

१०.१४ वाजता दारावर डावाची टकटक झाली.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवले होते की दार एकदा लावले की ते पोलिसांच्या किल्लीनेच उघडायचे. आवाज ओळखीचा असला तरी उघडायचे नाही, कारण मारेकरी मुलाला पुढे करून दार ठोठावायला लावू शकतो. आतून उत्तरही द्यायचे नाही. हे वाक्य मी वहीत लिहून घेतले होते आणि त्याखाली दोनदा रेघ मारली होती.

बाहेरून आवाज आला, "ठक ठक."

मी उत्तर दिले नाही. पिस्तूल दारावर रोखले होते. प्रशिक्षणात छातीच्या उंचीवर रोखायला सांगतात. मोठ्या माणसाच्या छातीच्या.

ती थांबली. पुन्हा म्हणाली, "ठक ठक." तिने हाका मारल्या नाहीत. ती रडली नाही. दार उघडा असेही म्हणाली नाही. मी 'कोण आहे?' विचारल्याशिवाय पुढे बोलायचे नाही हा नियम ती पाळत होती. पाच मिनिटांत तिने तेवीस वेळा 'ठक ठक' म्हटले. कोपऱ्यातल्या एका मुलीच्या तोंडून सवयीने "कोण" एवढे निघाले, तेव्हा मी तिच्याकडे बघितले. मी कसे बघितले असेल कोण जाणे. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले.

१०.१९ वाजता समोरचे दार उघडल्याचा आवाज आला. मोठ्या माणसाची पावले ऐकू आली. रेनचे 'ठक' झाले आणि दुसरे 'ठक' अर्धवट तुटले. कोणीतरी तिला उचलले होते. मला वाटले, मारेकरीच आला. माझे बोट चापावर गेले आणि मी चाप निम्मा दाबला. हात थरथरत नव्हता. हे मी मुद्दाम लिहायला सांगत आहे.

तेवढ्यात दाराला अगदी लागून पुरुषाचा आवाज आला, मोठा आणि खणखणीत. "कोण आहे?"

रेन म्हणाली, "मी."

"मी कोण?" असे म्हणत तो आवाज दूर गेला आणि समोरचे दार बंद झाले. पुढचे मला ऐकू आले नाही. मी बोट बाहेर घेतले. १०.४१ वाजता किल्लीने दार उघडेपर्यंत मी तशीच उभी होते.

दुपारी वाहनतळावर एमेट भेटला. मी त्याला विचारले, "कोणाला दटावतोयस अशा आवाजात का ओरडलास?"

तो म्हणाला, "तुला ऐकू जावं म्हणून."

"म्हणजे?"

"त्या दारामागे काय आहे ते मला ठाऊक होतं, लोर्ना. बाहेर कोणी असेल-नसेल. बाहेरच्यापेक्षा मला तुझीच भीती जास्त होती." मग म्हणाला, "रागावू नकोस गं." मी रागावले नाही. मी गाडीत जाऊन बसले आणि बराच वेळ किल्ली लावायचे विसरले.

त्या दिवशी साडेअकरा वाजता मला अर्ज भरायला दिला होता. पिस्तूल बाहेर काढले की तो भरावाच लागतो. त्यातील नववा प्रश्न असा आहे : 'दाराबाहेरील व्यक्तीची ओळख पटली होती काय?' पुढे हो आणि नाही अशा दोन चौकटी आहेत. 'हो' वर खूण केली तर मागच्या पानावर कारणे लिहावी लागतात. मागच्या पानावर चौदा ओळी आहेत. मी त्या ओळींकडे पाहिले आणि 'नाही' वर खूण केली. खाली लिहिले : अज्ञात व्यक्ती.

त्या दोन शब्दांवर पुढचे सर्व उभे राहिले. शाळा मंडळाचे अध्यक्ष लायल बोडेन यांनी या कार्यालयात तक्रार दिली की, बाहेर अज्ञात व्यक्ती असताना स्कोग्लुंड यांनी दार उघडून स्वतःच्या वर्गातील एकोणीस मुलांचा जीव धोक्यात घातला. बाहेर रेन होती हे दार उघडल्यावरच कळले, असे ते माझ्या अहवालाच्या आधारे म्हणतात. एमेट निलंबित आहे. परवा गुरुवारी त्याची सुनावणी आहे. निवृत्तीला त्याचे एक वर्ष राहिले आहे. आणि नियम काटेकोर पाळल्याबद्दल शुक्रवारी फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात मला मानपत्र देणार आहेत. बोडेन मला फोनवर म्हणाले, "बाई, तुम्ही फक्त अहवालात लिहिलंय तेवढंच सांगा. एक शब्द जास्त नको." मी बरं म्हणाले. मी मानपत्र घ्यायला जाणार नाही. पिस्तूल आज सोबत आणले असून डेप्युटी क्विलन यांच्या ताब्यात दिले आहे.

रेनची आई गुरुवारी सकाळी केक घेऊन आली होती. ती म्हणाली, "तुमच्याजवळ पिस्तूल होतं म्हणून आम्ही निर्धास्त होतो, बाई." मी केक घेतला. तो तसाच आहे.

डेप्युटी क्विलन यांनी विचारले की मुलीवर काही परिणाम दिसतो का. दिसतो. रेन शाळेत येते, जेवते, खेळते. पण सोमवारपासून ती माझ्याशी बोलायची असली की अगदी जवळ येते, माझ्या कानापाशी तोंड नेते आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्याने बोलते. "बाई. मी. पाणी. पिऊन. येऊ?" मी तिला विचारले की अशी का बोलतेस. ती म्हणाली, "तुम्हाला ऐकू कमी येतं ना? माझ्या आजोबांना पण नाही येत. ते पण दार उघडत नाहीत. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ." आणि तिने माझा हात थोपटला.

तिला काय सांगायचे ते मला सुचले नाही. म्हणून इथे सांगत आहे.

नवव्या प्रश्नाचे माझे उत्तर 'हो' असे वाचावे. बाहेरची व्यक्ती अज्ञात नव्हती. ती रेन अबेटा होती. डाव माझ्या आईचा असल्याने पहिल्या टकटकीलाच मी ओळखले होते, त्यानंतर तेवीस वेळा आवाज ऐकला. एमेट स्कोग्लुंड यांनी अज्ञात व्यक्तीसाठी दार उघडले नाही. त्यांनी रेनसाठी उघडले. मी उघडले नाही. मागच्या पानावरच्या चौदा ओळी मी आज भरल्या असून तो कागद सोबत जोडला आहे.

डेप्युटी क्विलन यांनी हा जबाब मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. स्पेलिंगच्या तीन चुका मी त्यांना दुरुस्त करायला लावल्या. वाचताना एका ठिकाणी ते थांबले, तेव्हा मीच पुढे वाचायला सांगितले. सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे आणि खरा आहे. तो मी नीट ऐकला. मला ऐकू चांगले येते. त्या दिवशीही येत होते.

सही : लोर्ना मे टीग्ज
समक्ष : डेप्युटी रॉस क्विलन