दुसरा हाफ म्या बघितलाच न्हाय

लिहून घ्या, पण मला मधी थांबवू नका, थांबवलं की माझं ध्यान जातंय आन् मंग म्या चिडतो, आमच्या मंडळीला इचारा. नाव किसन. गाव कळंबपासून पाच कोसावर, गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती, वस्तीला लागून मोमिनांची सात-आठ घरं, आन् त्याच्या मागं तलाव. तलाव म्हणायचं आपलं, चार वर्षांतनं एकदा भरतोय. भरला की गाव जगतंय आन् आटला की आमचं मैदान हुतंय, मंग देवाजवळ मागावं तरी काय माणसानं, आन् देव तर आमी छप्पन सालीच सोडले, त्यामुळं तीबी सोय ऱ्हायली न्हाय.

तुमी म्हणताल, ह्या मुलखात फुटबॉल कुठनं आला, हितं तर समदे हुतूतू खेळणारे. तर आमच्या मोमिनांत एक हवालदारचाचा होते, निजामाच्या पोलिसात हैदराबादला नोकरी केलेली, पोलीस ॲक्शन झाली, नोकरी गेली, तवा गावी आले ते एक पत्र्याची पेटी आन् एक कातडी बॉल घिऊन आले. म्या तवा धा-बारा वर्षांचा. चाचाला खेळायला अकरा पोरं लागायची, त्यांच्या घरांतनं सातच निघाली, मंग चाचा आमच्या वस्तीवर आले, माझ्या बापाला म्हणले, भाई, चार पोट्टे दे. तोवर आमच्या वस्तीकडं कुणी आलं तर लाकडं फोडायला न्हाय तर मेलेलं वढायला माणूस मागायला यायचं, खेळायला पोरं द्या म्हणून आलेला पयला माणूस ह्योच. म्या उंच होतो म्हणून मला दोन दगडांच्या मधी उभं केलं, गोली. चाचा मला रोज एकच सांगायचे, तू हिल्या की गोल हुआ समझ, जगा छोडना नक्को. आन् म्या बी कधी सोडली न्हाय. लई वर्षं खेळलो. बहात्तरच्या दुष्काळात दिवसभर खडी फोडायची आन् दिस कलला की आटलेल्या तलावात बॉल मारायचा, हाताला फोड आलेले, तरी बॉल धरायचो, पोटात भाकर न्हाय आन् पळायला मातूर दम कुठनं यायचा कुणास ठाऊक.

दुष्काळ सरला तशी गावात सहकारी दूध डेअरी निघाली. माप घ्यायला, दुधात ॲसिड घालून फॅट किती ते बघायला माणूस पायजे होता, सातवी पास, आन् म्हैनाभर ट्रेनिंगला जाणारा. गावातली दोघं-तिघं जाऊन आठ दिवसात परत आली, म्हणे ॲसिडचा वास सोसत न्हाय. म्या गेलो, म्हैना काढला, पास झालो, आन् जिल्ह्याच्या सायबानं कागदावर माझं नाव घातलं. झालं. गावानं आठ दिवस दूधच घातलं न्हाय. आमच्या हाताचं पाणी चालत न्हाय तिथं दूध कसं चालंल, काय सांगू तुमाला, आठ दिवस म्या सकाळ-संध्याकाळ माप धुवायचो, कॅन उघडून ठिवायचो, बसायचो, आन् रिकामा कॅन गाडीत चढवायचो. नवव्या दिवशी ड्रायव्हर म्हणला, उद्यापास्नं गाडी ह्या गावात येणार न्हाय. तवा पयली आली ती रकमाबाई, वरच्या आळीची म्हातारी. तिनं घागर छातीपर्यंत वर धरली आन् वरनं धार सोडली, म्हणजे तिची घागर माझ्या मापाला लागायला नको. हळूहळू समदंच गाव आलं, पण समदे वरनंच धार सोडणार. निम्मं दूध भुईवर. कंबर मोडती त्यांची, पण टेकवणार न्हायत. अकरा वर्षं झाली, आता निम्मे लोक टेकवत्यात, निम्मे अजूनबी वरनंच. म्या काय म्हणत न्हाय, मापात पडंल तेवढंच लिहितो.

तर माझं खेळणं तिथंच संपलं, कारण दुधाला रविवार नसतोय. सकाळी सहाला माप, संध्याकाळी पाचला माप, यंदा दुष्काळानं चार घरचंच दूध येतंय, तरी पाचला माप मांडावंच लागतंय. आता तर आमची टीम पयल्यापेक्षा चांगली, वस्तीची सहा आन् मोमिनांची पाच, अन् माझं पोरगं मिलिंद गोलात उभं ऱ्हातंय, माझ्यावाणीच उंच. गावात मॅच असली की साडेचारला सुरू, कारण पोरं कामावनं चारला सुटत्यात, पाचला हाफटाईम, आन् पाचला माझं माप. म्हणजे बघा, अकरा वर्षं म्या निम्मीच मॅच बघतोय. दुसरा हाफ तलावात चालू असतो आन् म्या हितं डेअरीत बसून नुसता कालवा ऐकतो. कालवा आला की कुणाचा गोल हे कळत न्हाय, वरनं दुधाची धार चालू, हातात लिटरचं माप, मान वळवली की दूध सांडतंय.

एकदा खाडा केला. एकदाच, अकरा वर्षांत. धाराशिवला मॅच होती, चार वर्षं झाली त्याला. डेअरीचे चेअरमनसाहेब स्वतःच म्हणले, जा रं किसन, तुझं पोरगं खेळायलंय, एक दिवस माझा भाचा बसंल मापावर. माणूस गोड. म्या गेलो. येष्टी येडशीजवळ पंक्चर, म्या पोचलो तवा लोक धोतरं झटकत उठायलेले. मॅच न्हाय आन् काय न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी माप मांडलं तर वरच्या आळीच्या दोघी बाया माझ्या देखत एकमेकीला म्हणायल्या, काल बाई घागर टेकवून दूध घातलं, कंबर लई बरी ऱ्हायली. माझ्या देखत. त्यांच्या मनात काय वाईट नसंल, कंबरंचंच बोलल्या असतील, पण वहीत लिहिताना माझा आकडा चुकला. संध्याकाळी गेलो तर भाचा माझ्या स्टुलावर बसलेला. म्हणला, मामा म्हणले, आज बी तूच बस. दीड म्हैना बसला तो. जिल्ह्याच्या सायबाला दोनदा गाठून कागद दाखवला तवा मला स्टूल परत मिळालं, आन् टेकवणारे जे होते त्यातले बी चार जण परत वरनं धार सोडायला लागले. तवापास्नं खाडा न्हाय. ताप असला तरी न्हाय. थोरली बहीण गेली तवा माती देऊन पाचला मापावर आलो, काय म्हणावं ह्याला तुमीच सांगा.

आता ह्या रविवारी कळंबला फायनल हाय. आमचं गाव आन् धाराशिवची टीम. आमचं गाव फायनलला कधी म्हंजी कधीच गेलेलं न्हाय, चाचा असते तर रडले असते. मॅच चारला. चेअरमनसाहेब सोमवारी डेअरीत आले, पान खाल्लेलं, म्हणले, किसन, गावाची इज्जत हाय, तू जायलाच पायजेस, भाचा हाय की मापावर बसायला. म्या म्हणलं, बघतो. ते म्हणले, त्यात बघायचं काय. रकमाबाई मागं उभी होती, तीबी म्हणली, जा की रं, लेकराचा खेळ हाय, एका दिसानं काय बिघडतंय. समदं गाव मला जा म्हणतंय. एवढ्या मायेनं मला कुणी कधी कुठं पाठवलं न्हाय.

घरी आलो. आमची मंडळी, गया, नळ्या धुवत होती. फॅटच्या काचंच्या नळ्या अकरा वर्षं तीच धुतीया, दूध किती, ॲसिड किती, नळ्यांची फिरकी किती फिरवायची, समदं तिला येतंय, माझ्यापेक्षा तिचा हात हलका हाय. म्हणली, तुमी जावा, मापावर मी बसते. म्या चेअरमनसायबाला जाऊन इचारलं. ते हसले. म्हणले, बायामाणसाला बसवलं तर उद्या गाव मला काय म्हणंल. म्या घरी येऊन सांगितलं तर गया म्हणली, त्यांचं सोडा, तुमच्यात दम हाय का मला बसवायचा, बसवा न् जावा, बघू कोण उठवतंय. खरं सांगतो, माझ्यात दम न्हाय. मला मिळालेली जागा मला अजून माझी वाटत न्हाय, ती दुसऱ्याला कुठनं देऊ. ती लई वेळ नळी घासत बसली, मंग म्हणली, बसवू शकत न्हाय तर मला मॅचला तरी पाठवा. तुमच्या वाटचं मी बघून येते.

आधी मला हसू आलं. तिनं जन्मात मॅच बघितली न्हाय, चारला धारंची म्हैस, पाचला नळ्या. पण मंग इचार केला, पाठवायचं तर हिलाच. कारण पोरं मला खोटं सांगत्यात. गेल्या साली लोहाऱ्याला मॅच झाली, पोरं मोकळ्या गाडीत वरडत आली, जिंकलो म्हणली, म्या मापावर आलेल्या समद्यांना हाटेलातनं मागवून चहा पाजला, वरनं धार सोडणाऱ्यांना बी पाजला. दुसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणला, किसनभाऊ, तीन गोलनं हरले की तुमचे, म्या स्वतः बघितलं. मिलिंदला इचारलं तर म्हणला, अप्पा, तुमी एकटेच मापावर बसता, वाईट वाटंल म्हणून. म्या दोन दिवस त्याच्याशी बोललो न्हाय. कुणी कीव केली की मला राग येतोय. ड्रायव्हर आणखी एक म्हणला, तुमचं पोरगं चांगलं हाय पण दोन खांबांच्या मधी रुतून बसल्यावाणी ऱ्हातंय, समोरचा बॉल घेऊन पार अंगावर आला तरी पुढं येत न्हाय, तीनीबी गोल तसेच बसले. पण त्यात त्याचा काय दोष, ते म्याच शिकवलंय त्याला. चाचानं मला सांगितलं, म्या त्याला सांगितलं, जागा सोडायची न्हाय.

तर चार दिवस झाले, दुपारच्याला नळ्या धुऊन झाल्या की म्या टेबलावर फॅटच्या नळ्यांची रबरी बुचं मांडतो, अकरा काळी, अकरा तांबडी, आन् गयाला खेळ शिकवतो. ही आपली, ही त्यांची, हा कॉर्नर, हा फाऊल. ती इचारती, एवढी माणसं एका बॉलच्या मागं, अकरांना अकरा बॉल द्यायचे की. इचारती, गोली हातानं धरतोय तर बाकीच्यांनी काय पाप केलंय. ऑफसाईड सांगता सांगता माझं डोकं उठलं, म्या चिडलो, बुचं ढकलून दिली, ती हसत हसत एकेक येचून परत मांडायला लागली आन् गोलीचं बुच मातूर बरोबर जागेवर ठिवलं. आज गुरुवार. आज ती म्हणली, हे बघा, मला एवढं ध्यानात ऱ्हायचं न्हाय, कुणी कुणाला पाडलं न् बॉल कुठनं कुठं गेला. मी आपली मिलिंदकडंच बघत बसणार. म्या म्हणलं, तेवढंच बघ. बॉल पलीकडं गेला की समदं जग तिकडं बघतंय, गोलीकडं कुणी बघत नसतंय. म्हणली, हरले तर? म्या म्हणलं, हरले तर हरले म्हण. ती म्हणली, मी तुमाला कधी गोड बोललेय का. न्हाय बोलली, ते खरं हाय.

उठतो आता, पाच व्हायला आले, ती बघा रकमाबाई घागर घिऊन आली, पयला नंबर तिचाच, अजूनबी वरनंच सोडणार, हात थरथरत्यात म्हातारीचे तरी. आमचं असंच चालायचं, माझं काय, म्या हितं हाय. रविवारी पाचला म्या मापावर असणार आन् गया कळंबला पदर डोक्यावर घिऊन गोलाच्या मागं बसलेली असणार. तिला एवढंच सांगून ठिवलंय, की हाफटाईमला पाण्याचा तांब्या घिऊन पोराकडं जा, आन् त्याला सांग, अप्पानं निरोप दिलाय, आजवर शिकवलं ते इसर. बॉल अंगावर आला की जागा सोड, पुढं ये, बिनघोर ये. तुझ्या जागेवर बसायला कुणाचा भाचा टपलेला न्हाय.