बागेतल्या खुर्च्यांसाठी माफी

मी मूळची गुहागरची, म्हणजे अगदी गुहागरचीही नव्हे, तिथून आत पाच-सहा किलोमीटर, वडील एसटीत ड्रायव्हर, आई घरचं बघायची, आणि आम्ही दोन भावंडं, मी आणि माझ्या पाठचा मंगेश, पाठचा म्हणजे चांगला नऊ वर्षांनी पाठचा, त्याला न्हाऊमाखू मी घातलंय, शाळेत मीच सोडून आले, त्यामुळे म्हणायचा ताई पण हट्ट सगळे आईकडे करावेत तसे माझ्याकडे. बाहेर पोरांशी भांडण झालं की दम द्यायचा, वैशालीताईला सांगीन हां. जसं काही मी फौजदारच. आमच्याकडचे मुलगे बोटीवर जातात, कितीही अवाढव्य जहाज असो, आम्ही आपली बोटच म्हणतो, तर मंगेशही गेला, इंजिनरूममध्ये, आणि त्याच्या कितीतरी आधी मी पुण्याला गेले.

पुण्यात मी काय करत होते ते ऐकून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॉल सेंटरला होते. माझी शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून, पण कान चांगला, कुणाचीही नक्कल करून दाखवायचे, तर सहा महिन्यांत मी अशी अमेरिकन बोलायला लागले की काय सांगू तुम्हाला, तिकडच्या म्हाताऱ्या विचारायच्या, तू टेक्सासची का गं? शेली नाव दिलेलं मला. मग त्यांनी मला ट्रेनरच केलं. सांगली, जळगाव, नांदेडची पोरं-पोरी यायची, त्यांचे उच्चार घासून पुसून काढायचे हे माझं काम, आणि नुसते उच्चार नाहीत हो, वागणंसुद्धा. फ्रिज बिघडलाय, माणूस शिव्या घालतोय, तर आधी हसायचं, हसू फोनवर ऐकू जातं, मग म्हणायचं तुमचा त्रास मी समजू शकते, मग माफी मागायची, आणि मग बाकीचं. चूक कुणाची ते बघायचंच नाही. एखादं पोरगं वाद घालायला लागलं की मी टेबलावर पेन आपटायचे, आधी सॉरी, आधी सॉरी. चार वर्षं हेच शिकवलं मी.

मग लग्न झालं, नितीनला इथे रॉटरडॅमला नोकरी लागली, त्याच्या व्हिसावर मी आले, दोन वर्षं घरात बसून सायकल आणि डच शिकले, मग एका कोर्सनंतर मला काम लागलं ते बोटींवरच्या माणसांचंच. कोण कधी चढणार, कोण कुठल्या बंदरात उतरणार, त्याचं तिकीट, हॉटेल, कागदपत्रं. आईला केवढं कौतुक, म्हणाली म्हणजे तू पोरांना घरी पाठवतेस. म्हटलं हो गं, तेच काम माझं.

आणि कोरोना आला. लॉकडाऊनच्या महिनाभर आधी मंगेश बोटीवर चढलेला, नऊ महिन्यांचा करार. कंपनी दुसरी, माझ्या हातात काही नाही. नवाचे दहा झाले, बारा झाले, कुठलंच बंदर माणसं उतरवू देईना, माल मात्र उतरवून घेत होते, त्याला कुठे ताप येतो! मी इथे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दुसऱ्यांच्या मुलांना घरी पाठवण्यासाठी फोनवर भांडत होते, आणि माझा स्वतःचा भाऊ अडकलेला. त्यात भारतात दुसरी लाट आली, मग तर भारतीय म्हटलं की दारंच बंद. मंगेश फोनवर हळूहळू बोलेनासा झाला. एकदा म्हणाला, ताई, झोप लागत नाही, डेकवर कठड्याला टेकून उभं राहिलं की जरा बरं वाटतं. कठड्यापाशी जाऊ नको रे, म्हटलं, हसला नुसता. पंधरा महिने झाले होते तेव्हा.

आता टीव्हीचं सांगते. नितीन एका खोलीत हेडसेट लावून, मुलगी इरा दुसऱ्या खोलीत ऑनलाइन शाळेत, आणि माझ्यासमोर दिवसभर एक अमेरिकन न्यूज चॅनेल, आवाज बारीक करून. सगळ्या जगातून माणसं पकडून आणायचे बोलायला. ट्रेनरचा कान माझा, गप्प कसा बसेल? लंडनचा कुणी आला की अँकरबाई हनुवटीवर हात ठेवून अशा ऐकायच्या की जणू कीर्तन चाललंय. फ्रान्सचा एक डॉक्टर यायचा, अर्धी अक्षरं गिळायचा, मला दहातले चार शब्द कळायचे, पण पडद्यावर खाली अक्षरं नाहीत. आणि हैदराबादचे एक प्रोफेसर, इतकं स्वच्छ इंग्रजी, एकेक शब्द मोजून घ्या, त्यांच्या खाली बोललेलं सगळं लिहून यायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. नितीन म्हणाला, कशाला मनाला लावून घेतेस, बहिऱ्यांसाठी असेल. म्हटलं, मग फ्रेंच डॉक्टर बोलतो तेव्हा बहिरे काय चहाला जातात?

मी एक दिवस रागारागात बोटीवरच्या माणसांबद्दल इंटरनेटवर लिहिलं, की तुमच्या घरी सामान येतंय ते आणणारी माणसं वर्ष-वर्ष घरी गेलेली नाहीत. ते फिरलं बरंच. आणि त्याच चॅनेलचा मला मेल आला. एक मुलगी व्हिडिओवर बोलली, माल उशिरा का येतोय यावर तीन मिनिटं बोलाल का? म्हटलं, माणसांबद्दल बोलेन. हो हो, त्याबद्दलच. अमेरिकेची सकाळ म्हणजे आमचे दुपारचे दोन.

मी मंगेशला कळवलं. त्याची बोट एका बंदराबाहेर नांगर टाकून होती, फोनला रेंज होती. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज जिवंत वाटला मला. म्हणाला, ताई, सगळ्यांना बसवतो जेवणघरात, इकडे संध्याकाळ असेल तेव्हा, फोनवर लावतो, सांग त्यांना नीट, सांग की आम्ही आहोत इथे.

आणि मी विचार केला, कसं बोलायचं? आपलं गुहागर-पुण्याचं इंग्रजी बोलले तर खाली अक्षरं येणार, लोक ती वाचणार आणि माझ्याकडे बघणार नाहीत. म्हटलं, नाही, मंगेशसाठी बोलायचंय, शेलीला काढू बाहेर. पंधरा वर्षं झाली होती, पण न्हाणीघरात दोन दिवस सराव केला आणि आली की हो ती, जशीच्या तशी.

दोन वाजले. मागे पुस्तकांचं कपाट, नितीनने दिवा लावून दिलेला, कानात अँकरबाईंचा आवाज. पहिल्यांदा विचारलं बंदरात काय चाललंय, मी सांगितलं, फाडफाड. बाजूला टीव्ही आवाज बंद करून लावलेला, त्यात मला मीच दिसत होते, खाली अक्षरं नव्हती. मनात म्हटलं, जिंकलीस वैशाली, आता पुढचं वाक्य मंगेशचं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, आमच्या प्रेक्षकांनी उन्हाळ्यासाठी बागेतल्या खुर्च्या मागवल्यात, तीन-तीन महिने वाट बघतायत, वैतागलेत बिचारे, त्यांना तुम्ही काय सांगाल?

आणि मी हसले. देवाशपथ सांगते, मी ठरवलं नव्हतं. मी हसले आणि म्हणाले, तुम्हाला किती त्रास होत असेल ते मी समजू शकते, एवढं थांबावं लागतंय त्याबद्दल मी मनापासून तुमची माफी मागते. आवाज असा मधाळ. अँकरबाई खूश, म्हणाल्या, या आठवड्यातली ही सगळ्यात गोड माफी, धन्यवाद वैशाली, आणि संपलं. तीन मिनिटं संपली हो! पंधरा महिने हा शब्द माझ्या तोंडून निघालाच नाही.

नुसता आवाज काढायला गेले मी, पण त्या आवाजाबरोबर सगळंच आलं, मीच नव्हतं का पेन आपटून शिकवलं? टीव्हीवाल्यांना तरी काय बोलू, बाईंनी विचारलं खुर्च्यांचं, पण मला तोंड होतं ना? म्हणायचं होतं ना की खुर्च्या घाला चुलीत, माणसं मरतायत तिकडे. खोलीबाहेर आले तर इरा दारात उभी. मराठी कळतं तिला पण उत्तर देते डचमध्ये. मामा, डू नॉर्माल, म्हणाली, इकडे आईला मामा म्हणतात, म्हणजे आई, नीट वाग जरा. नऊ वर्षांच्या पोरीला कळलं. आणि त्या चॅनेलने माझी माफी दिवसभर दाखवली, कुणीतरी एकदाची माफी मागितली म्हणून. ऑफिसातले लोक कौतुकाने मेल करत होते.

मंगेशचा फोन आला नाही. मी केला तर म्हणाला, छान दिसत होतीस. बस. पुढे अडीच महिने तो त्या बोटीवर होता, ते अडीच महिने मी कसे काढले ते मला विचारू नका. रोज सकाळी आधी बघायचे, मंगेशच्या नावापुढे ऑनलाइन दिसतंय का. शेवटी उतरवलं त्यांना एकदाचं, माझ्यामुळे नाही, कुणामुळे ते आजही ठाऊक नाही. घरी गेला. पुन्हा बोटीवर चढला नाही, घरापासून जवळच, शृंगारतळीला, मोटारपंप दुरुस्त करतो.

रस्ते मोकळे झाल्यावर मी गेले गावी. आठ दिवस नुसती त्याच्या मागेमागे फिरत होते. अख्ख्या अमेरिकेची माफी मागितली मी, एका दमात, आणि भावासमोर तोंड उघडेना. शेवटच्या दिवशी तो पंप उघडून बसलेला, तिथे जाऊन बसले खाली आणि म्हटलं, मंगेश, चुकलं रे माझं. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, असू दे ताई. मग एक बोल्ट काढून बाजूला ठेवला आणि म्हणाला, एकवीस जण होतो आम्ही, आमच्या कुकने जेवण लवकर उरकलेलं. तू ते खुर्च्यांचं बोललीस ना, तेव्हा कुक माझ्याकडे वळून म्हणाला, हीच का रे तुझी बहीण? आवाज तर तुझा नव्हताच, ताई. मी म्हटलं, नाही, ही कुणी दुसरी आहे, माझी बहीण हिच्यानंतर येणार आहे. तर ते सगळे बसून राहिले गं. मग हवामान झालं, मग कुणीतरी केक करून दाखवला, कार्यक्रम संपला तरी कुणी उठेना.

त्याने पंप जोडला, चालू करून बघितला, म्हणाला, चल, आई जेवायला थांबली असेल.

आता मी इथेच आहे, तेच काम करते, माझ्या हातून तिकीट गेलेली सगळी पोरं सुखरूप घरी पोचू देत एवढंच मागते देवाकडे. मंगेशचं लग्न ठरतंय, होऊ दे, सुखी राहू दे त्याला. रविवारी मी फोन करते, तो उचलतो, बरी आहेस ना विचारतो, आणि आईकडे देतो.