नको म्हणलेला चहा

…तर चुकलं कुणाचं, सांगा! माझंच ना? आठवीच्या पोरांना मीच म्हणलो, बाबांनो, प्रकल्प इंटरनेटवरून उतरवू नका, प्रश्न तुमचा तुम्ही शोधा. आता आमच्या लातूरला पोरं चार पर्यायांतून उत्तर शोधतेत, अन् इथं हिमायतनगरात मी त्यांना प्रश्न शोधायला लावून राहिलो… भोगा मग! शिवानी नावाची पोरगी उठली. "सर, पाहुणे चहाला 'नको' म्हणतेत, त्यांना खरंच नको असतो का?" मी खुश! म्हणलो, कर प्रयोग. नको म्हणलं की द्यायचा न्हाई, मधे कुणी पडायचं न्हाई, अन् केलेली नोंद खोडायची न्हाई.

तुम्हाला सांगतो, गावभर पाहुणे सुकले! तिची आजी माझ्या दारात, "मास्तर, माझा व्याही कोरडा गेला की हो!" पोरीला बोलावं तर ती म्हणती, "तुम्हीच सांगितलं होतं ना सर!"

बरं, प्रकल्प झाला झकास. आमच्या शाळेचा एकही प्रकल्प आजवर नांदेडला, जिल्ह्याच्या प्रदर्शनात गेला न्हाई, हा जाणारच म्हणून पोरगी हवेत! निवड करायला मार्तंडराव साहेब आले, भर उन्हात, घामाघूम. साहेब, चहा? "छे छे, नको, आत्ताच झाला." झालं! मी किटलीकडं हात नेला तर शिवानी आडवी. "मधे पडायचं न्हाई. तुम्हीच सांगितलं होतं ना सर!" अगं माय, परीक्षक हायेत ते! साहेबांची नजर किटलीवर, माझी साहेबांवर, हिची दोघांवर…

प्रकल्प अर्धाच बघून साहेब तरातरा निघाले. आम्ही मागं धावलो, तर एसटी स्टँडच्या टपरीवर साहेब बशीत ओतून फुर्रर्र… अन् वर दुसरा सांगितलेला! शिवानीनं तिथंच लिहून घेतलं. साहेब दचकले, मला बाजूला घेऊन म्हणतेत, "मल्लिनाथ सर, प्रकल्प लई भारी हाय, नांदेडला पाठवतो. माझं तेवढं खोडा." मी पोरीकडं बघितलं. तोंड उघडायच्या आधीच, "खोडायचं न्हाई सर. तुम्हीच…" हाव माय, मीच सांगितलं होतं!

न्हाई गेला प्रकल्प. परतताना विचारलं, "शिवानी, वाईट वाटलं का गं?" खाली बघून म्हणती, "न्हाई सर. अजिबात न्हाई."

आता ह्या 'न्हाई'चा अर्थ मी काय घेऊ? संशोधन तिचंच, अन् मार्गदर्शक मी!