हॅरिएटचं कापड

पाकीट तिथंच ठेवा, पाद्रीबाई — तिथं, साखरेच्या बरणीपाशी — आणि आत्ता उघडू नका. आधी कॉफी घ्या. चर्चच्या कपाटात आठ वर्षं पडून होतं ते, अजून दहा मिनिटांनी काय बिघडतंय? बूट राहू द्या हो, मार्च महिन्यात आमच्या मेन राज्यात कोण स्वच्छ पायांनी घरात येतं! तुम्ही नव्या आहात म्हणून, पुढच्या वर्षी तुम्हीही पुसायचं सोडून द्याल. आणि सॉरी बरं का, तुम्हाला एवढं लांब यावं लागलं — रविवारच्या वाऱ्यात तार तुटली, तेव्हापासून फोन मुका आहे, कंपनीचा माणूस उद्या येतो म्हणतो, तो रोजच उद्या येतो. केक घ्या. ब्लूबेरीचा आहे, नदीनने आणलाय, म्हणजे साखर जास्त असणार. गुरुवारी माझा वेन्डेल गेला आणि तेव्हापासून या घरात सात केक आलेत, खाणारी मी एकटी. बरं, शनिवारचं बोलू. अकरा वाजता ना? ईस्टरआधीचा उपवासकाळ असला तरी अंत्यविधीला पांढरंच — जांभळं सगळं उतरवायचं, तासाभरासाठी पांढरं चढवायचं, मग परत जांभळं. ते मला सांगू नका, तीस वर्षं वेदीची कापडं मी सांभाळतेय. ईस्टरची मोठी मेणबत्ती राखेच्या कलशापाशी. हॉलमध्ये हॅम, भरलेली अंडी आणि बीन्स. झालं. एवढं ठरलं. उरलं काय? उरलं ते पाकीट.

त्यात काय आहे ते न उघडता सांगू? सांगतेच. हे फादर थॉर्नटनचं खूळ, तुमच्या आधी होते ते. दर उपवासकाळात एका बुधवारी हॉलमध्ये वाटाण्याचं सूप असायचं आणि सुपाबरोबर एक फॉर्म — आपापला अंत्यविधी आपणच लिहून ठेवा, मागच्यांना घोळ नको. कुठली गाणी, कुठले उतारे, वाचणार कोण, राख कुठं ठेवायची. लोक हसतखेळत लिहायचे, पाव बुडवत बुडवत. आठ वर्षांपूर्वी वेन्डेलने लिहिला. मी तेव्हा सूप वाढत होते, पळी माझ्या हातात, रांग दारापर्यंत — आणि हा कोपऱ्यात बसून लिहितोय. लिहितोय, लिहितोय. अंगाने कागद झाकून, शाळेतल्या पोरासारखा! चाळीस मिनिटं. सुपावर साय धरली. आयुष्यात या माणसाने मला वाढदिवसाच्या कार्डावर सहीपलीकडे एक अक्षर लिहिलं नाही, आणि तिथं चाळीस मिनिटं! घडी घालून फादरच्या हातात दिला. गाडीत विचारलं, काय लिहिलंस रे एवढं? म्हणाला, ‘जे विचारलं होतं ते.’ संपलं. आठ वर्षं मी त्या चाळीस मिनिटांचा विचार करतेय.

उघडून का नाही बघितलं? अहो, काय बोलताय, लोकांचे अंत्यविधीचे कागद मी उघडीन? किल्ली होती म्हणा माझ्याकडे. त्याच कपाटात मेणबत्त्या असतात ना, म्हणून. पण नाही उघडलं. एकदा हातात घेतलं होतं फक्त. खिडकीशी नेलं होतं. उजेडासमोर धरलं होतं — जाड असतात हो ती पाकिटं, काही दिसत नाही. एवढंच. त्याच्यापुढे काही नाही. वाफेवर धरायचा विचार आला होता, पण विचाराला काय, विचार कुणालाही येतो.

आणि उघडायची गरजच काय? मला पाठ आहे. गाणं — हॅरिएटचं, त्याच्या पहिल्या बायकोचं. ते सहा कडव्यांचं, जे म्हणताना म्हाताऱ्यांना दम लागतो. वाचणार — हॅरिएटची कुणीतरी मैत्रीण, जी शिल्लक असेल ती. आणि जागा — जागा तर तुम्ही रोज बघता. चर्चमागच्या भिंतीतले कोनाडे, वरून तिसरी ओळ. पितळी पाटी आहे, तिच्यावर ‘हॅरिएट’, तिचं जन्मसाल, तिचं मृत्युसाल. आणि त्याच्याखाली ‘वेन्डेल’, एकोणीसशे एकेचाळीस, आणि एक आडवी रेघ. तिच्याच वेळी कोरून घेतलं त्याने, दोघांचं एकदम. तेवीस वर्षं ती रेघ तशीच उघडी आहे. पाट्या घासायचं काम कुणाचं? वेदीमंडळाचं. म्हणजे माझं. दर ईस्टरला टूथब्रश आणि लिंबू घेऊन मी माझ्या नवऱ्याचं नाव घासते, दुसऱ्या बाईच्या नावाखाली. एकवीस वर्षं मी त्याची बायको. तिच्यापेक्षा दोन वर्षं जास्त, मोजलंय मी. आणि कोनाड्यात माणसं मावतात दोन. तिसऱ्याची सोय नाही. मी सेक्स्टनला, म्हणजे चर्चच्या रखवालदाराला, विचारलं होतं, तो म्हणाला, कॉरिन, दोन कलशांमध्ये एक हातमोजा घुसणार नाही.

नाही, वाईट नव्हती. तेच तर दुखणं आहे! वाईट असती तर किती सोपं झालं असतं. हॅरिएट चांगली होती. सगळ्यांची आवडती. तिचा हात शिवणात, तिचा आवाज गाण्यात, तिचे रोल्स तर काय — अजून लोक माझे रोल्स खातात आणि म्हणतात, ‘हॅरिएट थोडं बटर जास्त घालायची, नाही?’ जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. या बाईशी भांडायचं कसं, ती तर भिंतीत जाऊन बसलीय.

काय? हं, कापड. कलशावरचं कापड. हो, आहे माझ्याकडे, धुवायला घरी आणलंय. नाही, इस्त्री — होईल. होईल म्हणजे झालीच आहे बरीचशी. तुम्हाला त्या कापडाचं ठाऊक आहे ना? नाही? कुणी सांगितलं नाही? आमच्याकडे शवपेटीचं मोठं कापड पूर्वीपासून होतं, पण लोक दहन करायला लागले आणि एवढ्याशा कलशावर ते चादरीसारखं लोळायला लागलं. तेव्हा हॅरिएट म्हणाली, मी लहान करते. शेवटचा हिवाळा तिचा. अंथरुणात बसून तिने पांढऱ्या लिननवर सोनेरी क्रूस भरला, तीन महिने, आणि पहिल्यांदा ते तिच्यावरच घातलं. तेव्हापासून या गावात ज्याची राख होईल त्याच्यावर तेच. बँकवाला असो नाहीतर खेकडे पकडणारा, सगळ्यांना एकच, आपल्याकडे भेदभाव नाही — मला मान्य आहे. पण धुते कोण? मी. खळ कोण घालतं? मी. तेवीस वर्षं गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसावर मी हॅरिएटला अंथरतेय. आणि शनिवारी वेन्डेल तिच्याखाली.

तिच्या वेळचं सांगू? तेव्हाही इस्त्री माझीच. मीच नेऊन घातलं. आणि वेन्डेल पुढच्या बाकावरून उठला, कलशापाशी आला आणि त्या कापडाचं टोक दुमडलं होतं ते त्याने अंगठ्याने सरळ केलं. एवढंच केलं. होड्या बांधणाऱ्याचा हात तो, ओबडधोबड, नखात डांबर — आणि असं हलकं सरळ केलं, जणू ती झोपलीय आणि तिला जाग येऊ नये. मी खांबामागे उभी होते, हातात काड्यापेटी. आणि पाद्रीबाई, मला हेवा वाटला. दुसऱ्याच्या बायकोच्या अंत्यविधीत, चर्चमध्ये उभं राहून. वाटलं, माझ्यासाठी असं कुणी एक टोक सरळ केलं असतं तर मी आनंदाने मेले असते. मग मी त्याला मॅकरोनी नेऊन द्यायला लागले. लोक म्हणाले, कॉरिनचं मन मोठं. मन मोठं कसलं! मला तो अंगठा हवा होता.

मिळाला का? मिळाला की. मिळाला असणार. तो कधी काही बोलायचा नाही, तर कळणार कसं? कॉरिन, मोजे कुठायत. कॉरिन, डॉक्टरला काय सांगायचं. कॉरिन, मला कांदा चालतो का? असला संसार.

कापड दाखवू म्हणता? आत्ता? बरं, सांगते, लपवण्यासारखं काय आहे त्यात. एक डाग पडलाय. इस्त्रीचा. छोटा — छोटा म्हणजे इस्त्रीएवढा. क्रूसाच्या एका बाजूला. तपकिरी. काल दुपारी मी इथंच टेबलावर करत होते, आणि तेवढ्यात फोन वाजला, मी उचलायला गेले, कुणाचातरी सांत्वनाचा असेल म्हणून, आणि इस्त्री तशीच —

असं काय बघताय?

हं. फोन बंद आहे. रविवारपासून. मीच सांगितलं नाही का मघाशी! तीस वर्षांत एका रुमालाला डाग पाडला नाही मी, आणि खोटंही धड बोलता येत नाही. बरं मग, नाही वाजला फोन. मी इथंच उभी होते. क्रूस नीट बसला होता, सुंदर दिसत होता, कुणालाही सुंदरच दिसेल — आणि मला एकदम वाटलं, नाही. हा नाही. याच्यावर नाही. गावातल्या सगळ्यांना घाल बाई, पण हा एक मला दे. आणि हात उचललाच नाही मी. वास यायला लागला तरी उचलला नाही. मोजत होते. वीसपर्यंत मोजले. मग रडत बसले, आणि मग लिंबू चोळलं, मग सोडा, मग आणखी काय काय. नाही जात. आता तुम्हाला बिशपना कळवायचं असेल तर कळवा. मला वेदीमंडळातून काढा. किल्ल्या त्या खिळ्याला आहेत.

द्या ते पाकीट, द्या इकडे, फाडते मीच. काय व्हायचं ते होऊ दे एकदाचं, सहा कडवी म्हणायची तर म्हणू. चष्मा — डोक्यावरच आहे. हे अक्षर बघा! झटक्यानंतरचं आहे, डाव्या हाताचं, उजवा गेला होता ना तेव्हा. कावळा चिखलातून चालत गेल्यासारखं. ‘पहिलं गीत?’ ‘कॉरिनला विचारा.’ हं? ‘दुसरं गीत?’ ‘कॉरिनला विचारा.’ हा काय चावटपणा — ‘जुन्या करारातला उतारा? कॉरिनला विचारा. वाचणार? कॉरिनला विचारा. फुलं? कॉरिनला विचारा.’ अहो, सगळ्या पानावर हेच! सात, आठ, नऊ, दहा वेळा! एवढ्यासाठी चाळीस मिनिटं? डाव्या हाताने दहा वेळा माझं नाव — शेवटी शेवटी तर स्पेलिंग पण दमलंय. मेला, एकदा लिहून खाली ‘वरीलप्रमाणे’ म्हणता आलं नसतं? हॅरिएटच्या वेळी एकेक कडवं स्वतः निवडलं होतंस, आणि स्वतःच्या वेळी सगळं माझ्या गळ्यात! मोजे कुठायत, गाणं कुठलं —

थांबा. अकरावं वेगळं आहे. ‘राख कुठं ठेवावी?’ — पुसट झालंय — ‘कॉरिन जाईल तिथं. घाई नको. तोवर कपाटात ठेवा, मी थांबतो.’

. . .

नाही, मला पाणी नको. बसा.

माझा फॉर्मही आहे, पाद्रीबाई, त्याच कपाटात. त्याच बुधवारी भरला, सूप संपल्यावर. सगळं लिहिलंय, फक्त राखेची ती एक ओळ कोरी आहे. दोघांच्याच कोनाड्यात मी काय लिहिणार होते? फादर म्हणाले, नंतर भर. रुसून मी आठ वर्षं कोरी ठेवली, आणि हा गाढव त्याच ओळीवर विसंबून बसला. उद्या आणा तो. चर्चची सफरचंदाच्या झाडाखालची बाग लिहीन, तिथं कलश नसतो, राख सरळ मातीत मिसळतात, कितीही जण मावतात. भिंतीतली ती रेघ राहील मग उघडीच. राहू दे. ईस्टरला घासीन मी. दोन्ही नावं घासीन, हो, लिंबू लावून.

आणि कापड तेच घाला. दुसऱ्या चर्चकडून मागवू नका. तिने तीन महिने बसून केलं ते, आणि मी वीस मोजले — आम्हा दोघींचंही असू दे त्याच्यावर. फक्त डागाची बाजू माझ्या बाकाकडे करा, मला दिसली पाहिजे. टोक दुमडलं तर हात लावू नका, ते मी सरळ करीन. आणि कुणी विचारलं, डाग कसला, तर तुम्ही खोटं बोलू नका, तुम्हाला शोभणार नाही. सांगा, कॉरिनला विचारा.

आता निघा तुम्ही. केक घेऊन जा. दार जोरात ओढा, चिखलाच्या दिवसांत अडकतं ते — वेन्डेल बघणार होता.