खराखुरा काका

ओशहून बिश्केकला निघालेल्या टॅक्सीत मी मागे बसलो होतो. पुढच्या सीटवर एक कॉलेजकुमार ड्रायव्हरशी घासाघीस करत होता.

"काका, विद्यार्थी आहे. भाडं जरा कमी करा ना!"

"आपल्यात प्रत्येक पोराला सात पिढ्यांची नावं पाठ लागतात. तुला येतात का रे?"

"न यायला काय झालं? वडील साबीर, आजोबा जोलदोश, पणजोबा एसेन, खापरपणजोबा कालमुरात..."

"थांब! नारीनचा लंगडा कालमुरात?"

"तोच! घोड्यावरून पडलेला."

"अरे, तो माझा पणजोबा! म्हणजे मी तुझा खराखुरा काका. तुझ्याकडून कसलं भाडं घ्यायचं?"

"वा, काका!"

"चल, ऊठ. पुढची सीट पाहुण्यांची. घरच्यांनी मागे, बटाट्याच्या पोत्यावर."

"बारा तास?"

"घाटात बर्फ असलं तर पंधरा."

"काका... आमचा कालमुरात बहुतेक लंगडा नव्हता."